मालक कोण, दवाखाना कोणाचा?
नगर जिल्ह्यातले विडी कामगार, ऊसतोड कामगार आणि आरोग्याचे कायदे

सर्वोच्च न्यायालयाच्या एका जुन्या खटल्याच्या मथळ्यातच आपल्या जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांची नावे आहेत. ‘भिकुसा यमासा क्षत्रिय विरुद्ध संगमनेर अकोला तालुका बिडी कामगार युनियन’ असा तो १९६२ सालचा खटला. यातला अकोला वऱ्हाडातला नव्हे. प्रवरेच्या वरच्या अंगाचा आपला अकोले तालुका तो हा. वाद किमान वेतनाचा होता. १९४८च्या किमान वेतन कायद्याच्या परिशिष्टात विडीचे काम पहिल्यापासून होते, आणि वेगवेगळ्या भागांसाठी वेगवेगळे दर ठरवण्याची मुभा त्या कायद्याने सरकारला दिली होती. ही तरतूद समानतेच्या हक्काविरुद्ध आहे, असे कारखानदारांचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही.

मी वकील नाही, इतिहासाचा पदवीधरही नाही. नोकरी सांभाळून, मिळतील ते निकाल, कायद्यांच्या प्रती आणि अहवाल वाचत गेलो. हा निकाल वाचताना मजुरीपेक्षा वेगळाच प्रश्न डोक्यात राहिला. संगमनेर-अकोल्याच्या कामगारांनी मालकाला थेट दिल्लीपर्यंत गाठले, कारण त्या वादात मालक कोण हे सांगता येत होते. मग याच कामगारांच्या आजारपणाचा आणि बाळंतपणाचा प्रश्न आला, तेव्हा मालक कुठे गेला?

जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर आहे. ज्या कागदांवरून मी लिहितो आहे त्यांत ते अहमदनगर आहे आणि लोकांच्या बोलण्यात नगर. लेखात मी नगरच म्हटले आहे.

कामगार आजारी पडला तर औषधपाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी कोणी भरायची, या प्रश्नाला आपल्याकडचे कायदे जवळपास शंभर वर्षे उत्तर देत आले आहेत. त्या सगळ्या उत्तरांत एक गोष्ट धरून चाललेली असते, की कामगाराला मालक असतो आणि तो सापडतो. नगर जिल्ह्यातल्या विडी आणि ऊसतोड या दोन मोठ्या कामांत नेमके हेच धरून चालता येत नाही. म्हणून दोन्ही ठिकाणी सरकारने शेवटी मालकाचा माग सोडला आणि माल धरला. हजार विड्यांमागे काही पैसे, टनभर उसामागे काही रुपये. यातली पहिली वसुली २०१७ मध्ये बंद झाली आणि दुसरी २०२१ मध्ये ठरली. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दोन वाटा

सुरुवात मुंबई इलाख्यातच झाली. कारखान्यातल्या स्त्रियांना बाळंतपणात पगारी रजा मिळावी म्हणून रा. सी. आसवले यांनी मुंबई कायदे मंडळात विधेयक आणले. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. त्यांच्या मांडणीचा सारांश असा, की आईची काळजी हे साऱ्या समाजाचे काम आहे, म्हणून हा बोजा मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा. पण बाईला कामावर ठेवण्यात मालकाचाही फायदा असतो, तेव्हा त्याचीही सुटका होऊ शकत नाही. १९२९ साली हा कायदा झाला. भारतातला या प्रकारचा तो पहिला कायदा, आणि पैसे द्यायचे होते मालकाने.

या वाटेत एक खाच होती. बाळंतपणाचा सगळा खर्च ज्या मालकाकडे बाई काम करते त्याच्याच माथी पडत असेल, तर बाईला कामावरच ठेवू नये असा हिशेब तो करू शकतो. दुसरी वाट विम्याची. मालकाने आणि कामगाराने थोडे थोडे पैसे सामाईक निधीत टाकायचे आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला निधीतून द्यायचे. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे अशा योजनेचे काम सोपवले गेले. १९४४ साली त्यांनी अहवाल दिला आणि त्यातून १९४८चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. कामगार त्याला ईएसआय म्हणतात. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम, स्वतःला आणि घरच्यांना औषधोपचार, बाळंतपणाची भरपाई, अपघाताचे निवृत्तिवेतन असे आज या योजनेचे स्वरूप आहे. मालक पगाराच्या ३.२५ टक्के भरतो, कामगार ०.७५ टक्के. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत नियमित कामाला असलेला माणूस पगाराच्या चिठ्ठीवर ही कपात पाहतो.

पण १९४८च्या कायद्यात कारखाना म्हणजे काय? यंत्रशक्ती वापरणारी आणि २० किंवा अधिक माणसे कामाला असलेली जागा. शिवाय ती हंगामी कारखाना असता कामा नये. हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत सरकी काढणे, चहा, कॉफी, लाख यांच्या रांगेत साखरही आहे, गुळासकट.

आता ही व्याख्या घेऊन नगर जिल्ह्यात या. विडी वळायला वीज लागत नाही. सूप, कात्री, पानाच्या मापाचा पत्रा आणि दोरा एवढ्यावर काम चालते, म्हणून विडी बाहेर. साखर कारखान्यात चिमणी आहे, बॉयलर आहे, शेकडो माणसे आहेत, पण तो वर्षातले काही महिनेच चालतो, म्हणून साखरही बाहेर. उसाच्या फडातल्या माणसाचा तर प्रश्नच येत नव्हता. कायद्याने नगरला मुद्दाम वगळले असे मी म्हणत नाही. तो मुंबई, कानपूर, अहमदाबादच्या गिरण्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला होता. परिणाम मात्र असा झाला, की ज्या कामांवर या जिल्ह्यातली हजारो घरे जगत होती, ती देशातल्या सगळ्यात मोठ्या आरोग्य विम्याच्या दाराबाहेर राहिली.

घरात आलेला कारखाना

विडीच्या कामाची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कारखानदार तंबाखू आणि टेंभुर्णीची, म्हणजे तेंदूची, पाने देतो. बाई ती घरी नेते, पाने भिजवते, पत्र्याच्या मापाने कापते, तंबाखू भरून वळते, दोरा बांधते आणि मोजून परत देते. मजुरी हजारी, म्हणजे हजार विड्यांमागे. परत देताना तपासणारा खराब विड्या बाजूला काढतो. ती छाट, आणि छाटीचे पैसे कापले जातात. संगमनेर, अकोले, शेजारच्या जिल्ह्यातले सिन्नर आणि खुद्द नगर शहर ही या कामाची जुनी ठिकाणे. नगरच्या तोफखाना भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांत पुरुष मागावर आणि बायका विड्यांवर, अशी विभागणी पिढ्यान्‌पिढ्या होती.

आधी बायका-माणसे कारखान्याच्या जागेतच बसून विड्या वळत. मग १९४८चाच फॅक्टरी कायदा आला. वीज नसली तरी २० माणसे एका जागी कामाला असली, की तो लागू होई. पगारी रजा द्यावी लागे, जागा नीट ठेवावी लागे. त्यावर खटले सुरू झाले. नागपूरच्या बिर्धीचंद शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले, की कारखान्यात बसून विड्या वळणारे हे कामगारच आहेत. यायला-जायला थोडी मोकळीक असली म्हणून काय झाले, कामावर देखरेख मालकाचीच आहे. लगेच १९६१ साली शंकर बालाजी वाजे खटल्यात त्याच न्यायालयाने बहुमताने उलटे सांगितले. या माणसावर वेळेचे बंधन नाही, तो केव्हाही येतो आणि जातो, म्हणून तो कायद्याच्या अर्थाने कामगार नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी विरोधी मत नोंदवले. एकाच सुपातले एकच काम, पण रजेचा हक्क बाईच्या येण्याजाण्याच्या वेळेवर ठरू लागला.

कारखानदारांना यातून दिसायचे ते दिसले. काम घरी पाठवले की देखरेखीचा प्रश्न मिटतो. मध्ये ठेकेदार ठेवला की मालकीचाही मिटतो. एखाद्या राज्याने कडक कायदा केला, तर हा धंदा उचलून शेजारच्या राज्यात नेता येतो, कारण न्यायला यंत्रे नाहीतच. मद्रासने १९५८ साली आणि केरळने १९६१ साली विडीसाठी वेगळे कायदे केले, तेव्हा नेमकी हीच अडचण आली. म्हणून १९६६ साली संसदेने सगळ्या देशासाठी विडी आणि सिगार कामगारांचा कायदा केला.

हा कायदा मी अनेकदा वाचला आहे, आणि त्याच्याबद्दलचा माझा आदर कमी झालेला नाही. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला त्याने कर्मचारी म्हटले. ठेकेदाराच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला मुख्य मालक म्हटले आणि जबाबदारी त्याच्यावर टाकली. कारखानदार न्यायालयात गेले. १९७४ साली मंगलोर गणेश बिडी वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. १९८५ साली पी. एम. पटेल खटल्यात घरी काम करणाऱ्यांना प्रॉव्हिडंट फंडही लागू असल्याचा निकाल झाला. मालक शोधून काढण्याच्या कामात आपल्या कायद्याने एवढी मजल क्वचितच मारली असेल.

पण आरोग्याच्या बाबतीत याच कायद्यात एक परंतुक आहे. कलम ३७ने बाळंतपणाच्या फायद्याचा १९६१चा कायदा विडी धंद्याला लागू केला, आणि लगेच पुढे घरी काम करणाऱ्या बाईपुरती दुरुस्ती घातली, की तिच्या बाबतीत त्या कायद्याची कलमे ८ आणि १० गाळावीत. कलम ८ वैद्यकीय बोनसचे. बाळंतपणाआधीची आणि नंतरची वैद्यकीय काळजी मालकाने मोफत पुरवली नाही, तर त्याऐवजी द्यायची ती रक्कम. कलम १० गरोदरपणातून किंवा बाळंतपणातून आजार उद्‌भवला, तर मिळणाऱ्या जादा पगारी रजेचे. म्हणजे बाळंतपणाचे पैसे तिला मिळणार, औषधाचे नाहीत, आणि त्यातून दुखणे मागे लागले तर रजाही नाही. एका वाक्यातल्या दोन आकड्यांनी हे झाले.

यामागचा विचार काय असेल, याचा माझ्यापुरता तर्क असा. जी बाई घरीच आहे तिला रजा कसली द्यायची, असे कायदा लिहिणाऱ्याला वाटले असावे. तोफखान्यातल्या एका आजींना मी हे सांगितले. त्यांनी चाळीसेक वर्षे विड्या वळल्या. त्या हसल्या. “अहो भाऊ, पानं भिजवली की दुसऱ्या दिवशी कापावीच लागतात, नाहीतर वाया जातात. ती कोण कापणार? पोटात कळा येत होत्या तरी मी कापत बसले होते.” घरी असण्याचा अर्थ कायद्याच्या लेखी सुट्टी होता. त्यांच्या लेखी घर म्हणजे काम कधी संपतच नाही अशी जागा होती.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती मला पुढे फार उपयोगी पडली. त्यांच्या घरात तिघी जणी विड्या वळत, कारखान्याच्या वहीत नाव मात्र एकीचे, सासूचे. बाळंतपणाचा फायदा मिळवायला मागच्या बारा महिन्यांत ठरावीक दिवस काम केल्याचा पुरावा लागतो. आधी ते दिवस १६० होते, १९८८च्या दुरुस्तीनंतर ८० झाले. ज्या सुनेचे नाव वहीतच नाही, तिचे दिवस मोजणार कोण?

हजार विड्यांमागे

मालकाच्या वहीवर विसंबून चालत नाही हे सरकारलाही कळत होते. १९७६ साली संसदेने दोन कायदे एकत्र केले. एक विडी कामगार कल्याण उपकराचा, दुसरा त्या उपकरातून उभ्या राहणाऱ्या निधीचा. उपकर सुरुवातीला विडीच्या तंबाखूवर होता, नंतर तयार विड्यांवर, हजारामागे. काही पैशांपासून चढत तो शेवटी हजारी पाच रुपये झाला. त्यातून विडी कामगारांसाठी दवाखाने चालायचे, क्षयरोगासारख्या आजारांच्या उपचारांना मदत, मुलांना शिष्यवृत्ती आणि घरबांधणीला अनुदान मिळायचे. तंबाखूच्या धुळीत दिवसभर खाली मान घालून बसणाऱ्या बाईला खोकला, पाठ आणि डोळे यांचे दुखणे ठरलेलेच. त्यामुळे दवाखाना ही यातली सगळ्यात जवळची गोष्ट होती.

या व्यवस्थेची खुबी लक्षात घ्या. विडी कोणी वळली, ठेकेदार कोण, देखरेख होती की नव्हती, यातला एकही प्रश्न विचारायचा नाही. विडी बाजारात गेली की पैसे निधीत आले. मालक लपला तरी माल लपत नाही. कारखानदारांनाही हे सोयीचे होते. बोजा सगळ्यांवर सारखा, आधी ठाऊक असलेला आणि किमतीत घालता येण्यासारखा. जो नीट वागतो तो बाजारात मागे पडत नाही. कामगार कायद्यांविरुद्ध धंदेवाल्यांची जी खरी तक्रार असते, की पाळणाऱ्याचे नुकसान आणि चुकवणाऱ्याचा फायदा, तिला इथे बरेचसे उत्तर मिळाले होते.

एक दार मात्र मालकाच्याच हातात राहिले. निधीचा लाभ घ्यायला ओळखपत्र हवे, आणि ते कारखानदाराने किंवा ठेकेदाराने द्यायचे. ते त्यांच्यावर बंधनकारक करायला १९८७ साली कायद्यात दुरुस्ती करावी लागली, यावरूनच ती कार्डे किती सहज दिली जात होती याचा अंदाज येतो. कार्ड देणे म्हणजे ही बाई आपली कामगार आहे हे लिहून देणे. पुढे प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी मागायला तोच कागद पुरावा झाला असता. त्यामुळे काही ठिकाणी खरेदी-विक्रीची रीत आली. मालक पाने आणि तंबाखू ‘विकतो’, बाई विड्या ‘विकते’, नाते संपले. पैसे मालामागे गोळा होत होते, पण वाटप पुन्हा मालकाच्या सहीपाशी अडत होते.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर आला. अनेक उपकर त्यात विलीन व्हायचे होते, आणि कर कायद्यांच्या त्या वर्षीच्या दुरुस्तीने विडी कामगारांचा उपकरही गेला. विडीवरचा कर थांबला नाही, उलट २८ टक्क्यांच्या सगळ्यात वरच्या टप्प्यात विडी बसवली गेली. थांबला तो त्या करातला विडी कामगाराच्या नावाने बांधलेला वाटा. कल्याण योजना त्यानंतर केंद्राच्या अर्थसंकल्पातल्या तरतुदीवर चालतात. वरवर पाहता फरक तांत्रिक आहे. पण उपकर होता तोवर पैसे कोणाचे हे ठरलेले होते. आता ते दर वर्षी ठरवायचे असतात. चाळीस वर्षे चाललेली ही व्यवस्था बंद होताना कामगार कल्याणावर वेगळा वाद झाल्याचे मला आठवत नाही. सगळी चर्चा करप्रणाली सुटसुटीत करण्याची होती.

फडातली माणसे

आता जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. आशियातला पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना म्हणून ज्याचे नाव घेतात तो प्रवरेचा कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ उभा राहिला आणि १९५०-५१च्या सुमारास गाळप सुरू झाले. त्याच्या आधी हरेगाव आणि टिळकनगरला खाजगी कारखाने होतेच. जिल्ह्याचा उत्तर भाग पाण्याने आणि उसाने भरला. पाथर्डी, शेवगाव, जामखेड कोरडे राहिले आणि तिथली माणसे, बीडच्या माणसांबरोबर, ऊस तोडायला निघू लागली. एकाच जिल्ह्यात ऊसही आहे आणि ऊसतोड्याचे घरही.

साखर हंगामी, म्हणून ईएसआय नाही, हे वर आले आहे. तरी कारखान्याच्या गेटच्या आतल्या माणसाला हजेरीपट आहे, युनियन आहे, वेतनाचे करार आहेत. गेटबाहेर फडातल्या माणसाला मुकादम आहे. कारखान्याची किंवा तिच्याशी जोडलेली तोडणी-वाहतुकीची संस्था मुकादमाशी करार करते, मुकादम टोळी जमवतो, उचल देतो. मजूर मोजायचे माप कोयता, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. मजुरी टनामागे, जोडीची एकत्र. विडीच्या वहीत सून दिसत नाही, तशी कोयत्यात बायको दिसत नाही. एखादा दिवस आजारपणात गेला की त्याला खाडा म्हणतात, आणि खाड्याचे पैसे उचलीच्या हिशेबात उलटे चढतात. ईएसआयचा कामगार आजारी पडला तर त्याला ७० टक्के मजुरी मिळते. फडातला पडला तर त्याचे कर्ज वाढते.

इथला मालक खरोखर अदृश्य आहे का? तोडणीचा टनामागचा दर राज्यभरासाठी ठरतो. त्यासाठी सहकारी साखर कारखान्यांचा संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना समोरासमोर बसतात. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ ठरली, ती अशाच बैठकीत. मजुरी ठरवताना टेबलाच्या पलीकडे कारखाने असतात. आजारपणाचा विषय निघाला की त्याच जागी मुकादम असतो.

कारखान्यांनी आरोग्यासाठी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रवरा परिसरात १९७०च्या दशकात वैद्यकीय ट्रस्ट आणि रुग्णालय उभे राहिले, आणि पुढे ग्रामीण भागातले वैद्यकीय महाविद्यालय झाले. खेड्यापाड्यांतल्या असंख्य रुग्णांनी तिथे उपचार घेतले. पण ट्रस्टचे रुग्णालय आणि कायद्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात रुग्ण उपकृत होतो. दुसऱ्यात तो येणेकरी असतो.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा देशभर झाली. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाळीच्या दिवसांतला खाडा, पाण्याविना कोपीतला मुक्काम, ओझी, कमी वयातली बाळंतपणे आणि दुखणे अंगावर काढण्याची सवय, या सगळ्याचा शेवट शस्त्रक्रियेच्या टेबलावर होत होता. पाथर्डी आणि जामखेडची सीमा बीडला लागून आहे. टोळ्या त्याच, मुकादम तेच आणि कारखानेही तेच.

त्याच वर्षी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचा निर्णय झाला. २०२१ मध्ये त्याच्या निधीची रीत ठरली. कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढेच राज्य सरकारने घालायचे. विड्यांचा उपकर जाऊन चार वर्षे झाली होती. एका दाराने गेलेली कल्पना दुसऱ्या दाराने परत आली. यात एक गोष्ट विडीपेक्षा चांगली आहे. ऊसतोड कामगाराची नोंद आणि ओळखपत्र गावात ग्रामसेवकाने द्यायचे आहे. कारखान्याच्या किंवा मुकादमाच्या सहीची वाट पाहायची नाही.

नव्या संहितांत

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. विडी कामगारांचा १९६६चा कायदा, बाळंतपणाचा १९६१चा आणि ईएसआयचा १९४८चा, हे सगळे त्यांत विरघळले. मालकांच्या दृष्टीने बदल मोठा आहे. नेमणूकपत्र सगळ्यांना, ठरावीक वयापुढच्या कामगारांची दर वर्षी मोफत आरोग्य तपासणी, मुदतीच्या कामगारालाही वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी. घरी बसून काम करणाऱ्याची व्याख्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे, आणि ती चांगली आहे. कच्चा माल मालकाने दिला असो वा नसो, तो दुसऱ्यासाठी आपल्या घरी काम करतो एवढे पुरे. खरेदी-विक्रीच्या जुन्या युक्तीला हे उत्तर होऊ शकेल.

मी मात्र आधी पहिल्या परिशिष्टाकडे गेलो. ईएसआय कोणाला लागू, तर १० किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेला, हंगामी कारखाना वगळून. आणि हंगामी कारखाना म्हणजे? यादी तीच. त्यात साखर तशीच, गुळासकट. मधल्या ७० वर्षांत नगर जिल्ह्यात सहकाराचा उदय झाला, कारखान्यांत आसवन्या आणि वीजनिर्मिती आली, खाजगी कारखानदारी परतली. व्याख्येतला तो शब्द हलला नाही. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी २० ऐवजी ५० माणसांपासून सुरू होतात, आणि दहा-वीस कोयत्यांची टोळी घेऊन येणारा मुकादम सहज त्या खाली राहतो.

यावर माझे म्हणणे साधे आहे. जिथे मालक खरोखर सापडत नाही किंवा सापडू दिला जात नाही, तिथे मालामागे वसुली हीच चालणारी रीत आहे. शंभर वर्षांत दुसरी कोणतीही रीत विडीवळ्या बाईच्या दवाखान्यापर्यंत पोहोचली नव्हती. पण ही रीत टिकायची तर दोन अटी आहेत, आणि दोन्ही विडीच्या इतिहासातून शिकण्यासारख्या आहेत. एक, ओळख मालकाच्या हातात नसावी आणि ती घरात काम करणाऱ्या प्रत्येकाची वेगळी असावी. कोयत्याची एक नको, नवऱ्याची आणि बायकोची दोन. दुसरी, गोळा होणाऱ्या पैशावर कामगाराचा दावा कायद्यात लिहिलेला असावा, कोणता उपचार आणि किती दिवसांची मजुरी यासकट. विडीचा उपकर संसदेच्या कायद्याने बसला होता, तरीही एका करसुधारणेत निघून गेला. टनामागचे १० रुपये राज्य सरकारच्या निर्णयावर उभे आहेत. साखरेचे भाव पडले, कारखाने अडचणीत आले, की सवलतीची मागणी होणार, आणि ती खोटी असेलच असे नाही. त्या वेळी या निधीच्या बाजूने कोणाकडे दाखवायला कागद असेल का?

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून टोळ्या निघत असतील. बाजल्या, भांडी, शेळ्या आणि पोरे घेऊन ट्रक-ट्रॅक्टर भरतील. गावागावांतल्या ग्रामसेवकांच्या वहीत त्यांतल्या किती बायकांचे नाव स्वतंत्रपणे लागले आहे, हे ट्रक निघण्याआधी पाहता येते. नंतर ते शोधायला फडात जावे लागेल, आणि फडात पुन्हा मुकादमालाच विचारावे लागेल.